चार ओळींची बातमी, कोतवाल बुकातली एक ओळ

मुकुटबनच्या विहारात एका रविवारी आम्ही पंधरा-वीस तरुण-तरुणींसोबत बसलो होतो. अभ्यासवर्गाचा विषय होता, ‘आपण काय लिहावे?’ बहुतेकांनी कविता आणल्या होत्या. चौदा एप्रिलला वाचलेल्या, सहा डिसेंबरला वाचायच्या. सगळ्यांत सूर्य होता, वादळ होते, लेखणी होती. वाईट नव्हत्या, पण त्या मुकुटबनमध्ये लिहिल्या की मुंबईत, हे एकाही ओळीवरून कळत नव्हते. आम्ही विचारले, यात तुमचे गाव कुठे आहे? मागे बसलेला एक पोरगा उठला आणि म्हणाला, “सर, आमच्या गावात काय हाये लिवाले? रेल्वे टेशन हाये, कोळशाचे ट्रक हायेत, सिमेंटची फॅक्टरी हाये. इतिहास त नागपूरले झाला, महाडले झाला. इथं काहीच नाही झालं.”

सगळे हसले. आम्हीही हसलो. परतीच्या बसमध्ये मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण हे अज्ञान त्या पोराचे नाही, त्याला ते शिकवले गेले आहे. कुठे इतिहास घडतो आणि कुठे नुसते ट्रक जातात, हे ठरवणारे लोक दुसरे आहेत. यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास विचारा, वणीचे लोकनायक बापूजी अणे आणि १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह हे उत्तर ठरलेले. १० जुलै १९३० रोजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि कायदा मोडला. ठीक आहे, घडले ते घडले. पण त्याच्या आदल्या दिवशीही त्या जंगलात कोणीतरी गवत कापतच होते, आणि दुसऱ्या दिवशीही. भारा डोक्यावर घेऊन येणारी ती बाई पकडली गेली तर तिला दंड झाला. तिच्या नावाचा चौक नाही. एकाच विळ्याने कापलेल्या गवताला एके ठिकाणी सत्याग्रह म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी चोरी. यातली दुसरी गोष्ट कोणी लिहिली? आणि ती तुम्ही लिहायची नाही तर कोणी लिहायची?

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की, मोठे लेखन मोठ्या घटनांवर होते. तो मोडायला आपल्याला बाहेर जायची गरज नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ उघडा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे न झालेले आणि बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापलेले भाषण. आपण त्यातली श्रुती-स्मृतींची चिरफाड पाठ करतो. पण सुरुवातीची पाने कशाने भरली आहेत? वर्तमानपत्रांत आलेल्या गावखेड्यांच्या बातम्यांनी. अहमदाबाद जिल्ह्यातले झानू, १९३५: अस्पृश्य बायांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून मारहाण. गुजरातमधलेच कविठा: पोरांना सरकारी शाळेत घालायचे म्हणाले म्हणून अख्ख्या वस्तीवर बहिष्कार. जयपूर संस्थानातले चकवारा, १९३६: तीर्थयात्रेहून आलेल्या माणसाने जातभाईंना जेवण दिले, पंगतीत तूप वाढले, म्हणून लाठ्या घेऊन शेकडो लोक चालून आले. झानू, कविठा, चकवारा. या गावांची नावे त्याआधी कोणाला ठाऊक होती? मुकुटबन जेवढे अप्रसिद्ध, तेवढीच ती. भारतातल्या जातीवरचा सर्वांत धारदार ग्रंथ अशा गावांच्या बातम्यांवर उभा आहे.

त्यातली एक बातमी आम्ही त्या वर्गात सावकाश वाचली. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियातली. इंदूर जिल्ह्यातल्या कनारिया, बिचोली-हफ्सी, बिचोली-मर्दाना आणि आणखी पंधराएक गावांतल्या कलोता, राजपूत, ब्राह्मणांनी, पाटील-पटवाऱ्यांसकट, तिथल्या बलाई लोकांना अटी घातल्या. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. हिंदू बायांच्या बाळंतपणाला हजर राहायचे. मिरवणुकीपुढे वाजवायचे. मोबदला मागायचा नाही, मिळेल तो घ्यायचा. आणि मधेच एक अट आहे: कोणत्याही हिंदूच्या मरणाची खबर त्याच्या नातेवाइकांना नेऊन पोचवायची, ते कितीही लांब राहत असोत.

इथे आम्ही थांबलो. ही अट आपल्याला परकी आहे का? महाराच्या गावकामात हेच काम होते. गावात कोणी मेले की महाराने चालत निघायचे, दहा कोस, वीस कोस, पावसात, उन्हात, आणि सांगावा द्यायचा. गावाच्या शिवेचा वाद झाला तर महाराची साक्ष घ्यायची, कारण दगड कुठे पुरला होता हे त्यालाच ठाऊक. म्हणजे गावाची स्मरणशक्ती आपण आणि गावाचा वार्ताहरही आपणच. फक्त बातमी आपली नसायची. आपल्या घरी मेलेल्याचा सांगावा घेऊन कोणता पाटील कधी चालत गेला? १९२८ मध्येच बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा मुद्दा रोख मोबदल्याचा होता, वेठीचा होता. त्या वेठीत खबर पोचवणेही होते. त्याच्या आठ वर्षे आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मरणाचे निरोप वाहिलेल्या माणसांनी आता आपलीच बातमी काढली होती, आणि ती छापायला नकार मिळत होता.

बलाई लोकांनी त्या अटी नाकारल्या, हेही त्याच बातमीत आहे. विहिरी बंद झाल्या, गुरे चारायला बंदी आली, शेतात जायची वाट अडवली गेली. शेकडो कुटुंबे गाव सोडून शेजारच्या संस्थानांत गेली. कथा लिहू पाहणाऱ्याने आता स्वतःला विचारावे: निघताना त्या घरातल्या बाईने काय उचलले आणि काय मागे ठेवले? वर्तमानपत्राची बातमी इथे संपते आणि लेखकाचे काम इथे सुरू होते.

बाबासाहेबांनी हे कामही करून दाखवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे टिपण तुम्ही वाचले असेल. त्यात त्यांचे स्वतःचे अनुभव आहेत, मसूर स्टेशनवर उतरलेली पोरे आहेत. पण शेवटची दोन प्रकरणे दुसऱ्यांची आहेत. एक १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापलेले काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र. बायको बाळंत झाली, आजारी पडली, डॉक्टर यायला तयार नाही. गावातल्या प्रतिष्ठितांनी शब्द टाकल्यावर आला, दोन रुपये फी घेतली, पण वस्तीबाहेर उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोला लावला. आणि तसाच उलट परत गेला. न्यूमोनिया आहे म्हणाला. बाई मेली. बाबासाहेबांनी यात आग ओतली नाही, विशेषणे ओतली नाहीत. थर्मामीटर कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला एवढेच सांगितले. आपल्यातल्या कवींनी हे पान भिंतीवर चिकटवावे अशी आमची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट त्या पत्रात आहे. शिक्षकाने स्वतःचे नाव दिलेले नाही. त्याला तिथेच राहायचे होते. बाबासाहेबांनीही नावाचा शोध घेऊन ते जाहीर केले नाही. हे पुढे पुन्हा लागणार आहे.

आता आपल्या जिल्ह्याच्या पुरवणीकडे या. जिल्हा पान रोज येते, चहाच्या टपरीवर असते. तिथल्या चार-चार ओळींच्या बातम्यांची एक ठरलेली भाषा आहे आणि ती ओळखायला शिकणे हा लेखनाचा पहिला धडा आहे. ‘क्षुल्लक कारणावरून मारहाण’. कोणाला क्षुल्लक? वरातीत गाणे कोणते लावले, मोटारसायकल कोणाच्या दारावरून नेली, बुलेट घेतलीच कशी, हे ज्याला मार बसतो त्याच्यासाठी क्षुल्लक नसते आणि जो मारतो त्याच्यासाठी तर अजिबात नसते. ‘जुन्या वैमनस्यातून’. वैमनस्य किती जुने? कधीकधी ते बैलपोळ्याच्या मानाइतके जुने असते. ‘मजूर महिला ठार’. नाव नाही, गाव नाही, ट्रकचा नंबर मात्र आहे. ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’. कोणत्या परिसरात?

हा नुसता भाषेचा खेळ नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांनी तिला अनैतिक संबंधांचा वास लावला. गावाला लागलेली चीड, असे काहीतरी. कार्यकर्ते गावात गेले, भैयालाल भोतमांगे यांच्याशी बोलले, अहवाल लिहिले, नागपूरपासून यवतमाळपर्यंत लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे त्या घराची जमीन, जमिनीतून काढलेला रस्ता, शिकणारी मुलगी, साक्ष देणारी आई या गोष्टी बाहेर आल्या. तरीही २००८ च्या निकालात आठ जण दोषी ठरले पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. पहिल्या दिवशी बातमीत जे कारण छापले जाते ते किती खोल रुतते, याचे याहून मोठे उदाहरण विदर्भात सापडणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो, पहिल्या बातमीवर कविता करू नका. पहिल्या बातमीच्या गावी जा.

पांढरकवड्याच्या बाजूची वाघीण तर मुकुटबनच्या शेजारचीच. तिला दोन नावे होती: वनखात्याचे टी-१ आणि प्राणिप्रेमींचे अवनी. दोन वर्षांत तेरा माणसांचे मृत्यू तिच्याशी जोडले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. देशभर मोहीम झाली, मेणबत्त्या लागल्या, पुढे २०२१ मध्ये त्या प्रकरणाची सावली असलेला ‘शेरनी’ नावाचा हिंदी सिनेमाही आला. चांगला होता, आम्ही पाहिला. पण त्या वर्गात आम्ही विचारले, तेरा जणांपैकी एकाचे नाव सांगा. कोणालाच येईना, आम्हालाही एक सोडून येईना. गुरे चारायला गेलेले, कापसाच्या वावरात वाकलेले, हे लोक कोण होते? त्यांच्या नावावर वावर होते का? जंगलाला लागून असलेल्या तुकड्यावर कोणाला राबावे लागते आणि काळी कसदार जमीन कोणाकडे असते? वाघ जात बघून हल्ला करत नाही, हे खरे. पण वाघाच्या तोंडाशी कोणाचे वावर येते, हे गावाच्या नकाशात आधीच ठरलेले असते. वाघाला मारणे बरोबर की चूक, हा वाद शहरात जमून झाला. आमचा प्रश्न त्या वादात नव्हताच.

२०१७ च्या पावसाळ्याचे घ्या. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, कित्येकांची नजर गेली होती. मथळे होते: ‘शेतकऱ्यांना विषबाधा’. पण पाठीवर पंप घेऊन रोजंदारीने दुसऱ्याच्या वावरात फवारणारा माणूस शेतकरी असतो का? त्याच्या नावाने सातबारा नाही. शेतकरी आत्महत्येच्या एक लाखाच्या मदतीसाठीही निकष तेच: जमीन नावावर पाहिजे, बँकेचे कर्ज थकीत पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. मग समिती बसते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. बटईने, मक्त्याने करणारा, सावकाराकडून उचललेला, भूमिहीन माणूस मेल्यावरही अपात्र. मेल्यावर अपात्र ठरणे म्हणजे काय, याच्यावर मराठीत किती कथा आहेत? बारा तास पंप पाठीवर असलेल्या माणसाच्या संध्याकाळवर किती आहेत? आम्ही त्या पोराला विचारले, तुझ्या मोहल्ल्यात फवारणीला जाणारे किती? तो म्हणाला, “सगळेच जातात सर. मीबी जातो.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण ते काय लिवाचं?”

इतिहासाकडे येऊ. आपली पोरे म्हणतात, आमच्याकडे कागद नाही, बखर नाही, ताम्रपट नाही. आम्ही म्हणतो, तुम्ही स्वतःच कागद काढून आणलेला आहे आणि वाचलेला नाही. जात पडताळणी कोणी केली आहे? त्या वर्गात निम्मे हात वर झाले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मग बाप तहसिलीत खेटे घालतो, शाळेचे दाखल-खारीज निघते, आजोबा-पणजोबांच्या नावाने कोतवाल बुकाची नक्कल निघते. तीस-चाळीस रुपयांची झेरॉक्स, साहेबांची सही, आणि एक शब्द सापडला की घरात पेढे. जात लिहिलेली आहे! फाइल जमा. पण त्या ओळीत जातीशिवाय आणखी रकाने असतात. कोण जन्मले, कोण मेले, कोणत्या तारखेला, आणि मेले तर कशाने. ताप. हगवण. पटकी. देवी. आम्ही एकदा एका मित्राच्या घरची नक्कल हातात घेतली होती. त्याला हवे होते पणजोबाचे नाव. त्याच पानावर त्याच घरातल्या आणखी दोघांचे मृत्यू एका आठवड्याच्या अंतराने होते आणि साल होते १९१८. इन्फ्लुएन्झाचे साल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्या साथीने देशातल्या सर्वाधिक मृत्यूदरांपैकी एक नोंदवला. मित्राने ते पान सहा वर्षे फाइलमध्ये ठेवले होते आणि आपल्या घरात एका आठवड्यात दोन तिरड्या निघाल्या होत्या हे त्याला माहीत नव्हते. ते लिहून ठेवले होते कोणी? गावकामगारानेच. बऱ्याचदा तो कोतवालही आपलाच असायचा, अक्षर दुसऱ्याचे, तोंडी माहिती त्याची.

आणि हे कागद वाचता येत नाहीत असे कोणी सांगू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि काही महिन्यांत राज्यभर कोतवाल बुके, जन्ममृत्यू नोंदी, जुने महसुली दप्तर पालथे घातले गेले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. शोध होता एकाच शब्दाचा, ‘कुणबी’. त्या मागणीच्या राजकारणावर आम्ही इतरत्र लिहिले आहे, इथे नको. इथे इतकेच, की सरकारला एखादा शब्द हवा असला की शंभर वर्षांचे दप्तर वाचून होते. त्या शब्दाच्या वरच्या आणि खालच्या ओळीत कोण होते, ते मात्र कोणी पाहिले नाही. मोडी शिकायला चार महिने लागतात. आपल्यातल्या दहा पोरांनी शिकावी. यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा होते, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनीकडे आले तेव्हापासूनची दप्तरे कुठे कुठे आहेत, कोणत्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात, कोणत्या बस्त्यात, हे शोधणे हेच एक वर्षाचे काम आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची नाही, फक्त अर्जाची गरज आहे.

दुसरा कागद तर याहून साधा. अतिक्रमणाच्या दंडाची पावती. ई-क्लासच्या जमिनीवर ज्यांच्या आजोबांनी वाहिती केली, त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत ती असते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख. पण पुरावा काय? पीकपेऱ्यात नाव, किंवा सरकारनेच फाडलेली दंडाची पावती. गुन्ह्याचा दंड हाच हक्काचा पुरावा! २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानधारकांना नोटिसा गेल्या, तेव्हा लोक पेट्या उघडून त्या पावत्या शोधत होते. कित्येक उंदराने खाल्लेल्या, कित्येक चुलीत गेलेल्या, कारण घरात कोणाला वाटले नव्हते की दंडाची चिठ्ठी जपायची असते. या विषयावर लिहिलेली गोष्ट कोर्टात चालणार नाही, हे आम्हाला कळते. पण ती लिहायला बसलेला पोरगा आधी घरची पेटी उघडेल, मोबाइलवर पावतीचा फोटो काढेल, आणि तो फोटो चालेल.

मुकुटबनचे आकडे तुम्हाला इंटरनेटवर मिळतील. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे २०२२ मध्ये सुरू झाला. आजूबाजूला मार्की-मांगलीचे कोळशाचे पट्टे आहेत, वणीकडे वेकोलिच्या खाणी आहेत, माजरीहून आदिलाबादकडे जाणारा रेल्वेमार्ग गावाला लागून आहे. दगड, कोळसा, कापूस, सगळे इथून जाते. कोणाची जमीन गेली, कितीला गेली, नोकरी कोणाला लागली, ठेकेदाराकडे रोजाने कोण लागले, ट्रकची धूळ कोणाच्या दारात बसते? कारखान्याच्या उभारणीत टोपले वाहिलेल्या बाईची हजेरी कोणत्या वहीत आहे, हे पायी फिरल्याशिवाय कळणार नाही. फिरा. आम्ही यातले उत्तर आधीच ठरवून दिलेले नाही. कदाचित तुम्हाला असाही माणूस भेटेल ज्याला कारखान्याने सावकारापासून सोडवले. तेही लिहा.

आता जी गोष्ट आम्हाला अवघड जाते ती. झरी-जामणी तालुका बाहेरच्या जगाला माहीत आहे तो कुमारी मातांच्या बातम्यांमुळे. दर काही वर्षांनी गाड्या येतात, कोलामांच्या पोडावर जातात, कडेवर लेकरू घेतलेल्या मुलीचा फोटो काढतात, लेख छापून येतो, विधानसभेत प्रश्न लागतो, समिती येते. मग पुन्हा गाड्या. त्या मुलींना फसवणारे कंत्राटदार, व्यापारी, कर्मचारी यांचे फोटो आम्ही कधी पाहिले नाहीत. वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, यावर मी कथा लिवतो.” आम्ही पटकन म्हणालो, लिही. तिच्या शेजारी बसलेली म्हणाली, “ते आपल्यातले थोडी हायेत.”

हे वाक्य ऐकून आम्हाला राग आला, मग लाज वाटली. राग यासाठी की शोषित-शोषितांत भेद कशाला. लाज यासाठी की ती बरोबर बोलत होती. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंडांसोबत. त्यांची भाषा वेगळी, वस्तीला ते पोड म्हणतात. गावात आपला मोहल्ला शिवेबाहेर, पण कोलामाचा पोड आपल्याही पलीकडे. आपल्यापैकी किती जणांना कोलामी भाषेतले चार शब्द येतात? सवर्ण लेखक आपल्यावर लिहायचा तेव्हा आपण जे आक्षेप घेतले, की दया आहे, चित्र आहे, माणूस नाही, तेच सगळे आक्षेप कोलामाचा पोरगा आपल्यावर घेऊ शकतो. मग लिहायचे नाही का? आमच्यात यावर एकमत नाही, हे कबूल करतो. काहींचे म्हणणे, अत्याचार दिसत असताना गप्प बसणे हा जास्त मोठा गुन्हा. काहींचे म्हणणे, पोडावरच्या शिकणाऱ्या पोरापोरींना अभ्यासवर्गात बोलवा आणि वही त्यांच्या हातात द्या, आपण थांबा. आम्ही स्वतः दुसऱ्या बाजूला झुकलेलो आहोत. पण लिहायचेच असेल तर काठेवाडातल्या त्या शिक्षकाचे पत्र आठवा. नाव लपवा, गाव लपवा, ओळखू येईल असा तपशील बदला. मुलीला तिथेच राहायचे आहे. आणि फसवणाऱ्याचे पात्र मात्र नीट रंगवा. त्याची मोटारसायकल, त्याचा ठेका, त्याचे घरी वाट बघणारे कुटुंब. आजवरच्या सगळ्या बातम्यांत तोच गैरहजर आहे.

आम्हाला घाई आहे ती एका वेगळ्या कारणासाठी. १४ ऑक्टोबर १९५६ सगळ्यांना पाठ आहे. १६ ऑक्टोबर कमी जणांना आठवतो. त्या दिवशी बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, दीक्षा दिली. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. वणी, झरी, मारेगावच्या बाजूच्या माणसांना नागपूरपेक्षा चांदा जवळ. कोण गेले? कशाने गेले, बंडीने, पायी, रेल्वेने? नदीला पाणी किती होते? शिदोरीत काय होते? पांढरे लुगडे कोणाकडे होते आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी काय केले? नागपूरच्या सोहळ्यावर ग्रंथ झाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी चळवळीतल्या बायांना गाठून त्यांचे बोलणे लिहून घेतले नसते, तर त्या बायाही आज नुसत्या ‘असंख्य महिला’ असत्या. चांद्याला गेलेल्या आपल्या बाजूच्या माणसांचे अजून कोणी गाठून लिहिलेले नाही. तेव्हा दहा वर्षांचे असलेले पोर आज ऐंशीच्या आसपास आहे. प्रत्येक उन्हाळ्यात दोन-चार कमी होतात.

वर्गानंतर पंधरा दिवसांनी त्या मागे बसलेल्या पोराचा फोन आला. त्याने आजीला विचारले होते. आजीने सांगितले, घरचे सगळे चांद्याला गेले, ती गेली नाही. शेळ्या कोण पाहणार म्हणून आठ-नऊ वर्षांच्या पोरीला मागे ठेवले. “मले नेलंच नाही,” ती अजून रागात सांगते म्हणे, जणू कालच घडले. बाबासाहेब तिने पाहिले नाहीत. तिला आठवते ते एवढेच की दोन दिवसांनी माणसे परत आली, बाप घरात शिरला, कोनाड्यातले देव त्याने टोपल्यात भरले आणि सगळ्या मोहल्ल्याची टोपली नाल्याकडे गेली. ती शेळ्या सोडून मागे धावली. एक लहानसा पितळेचा देव तिने वाटेत उचलून ओच्यात लपवला होता, खेळायला. आईने पाहिला आणि तोही पाण्यात टाकायला लावला, तिच्याच हाताने.

पोरगा म्हणाला, “सर, हे चालते का लिवाले?”

नाल्याचे नाव काय, विचारलेस का? तो गप्प. बापासोबत कोण कोण होते? बंडी कोणाची होती? परत आल्यावर गावाने काय केले, विहीर बंद केली का? त्याला माहीत नव्हते. येत्या रविवारी आम्ही दोघे मिळून आजीकडे जाणार आहोत. वही नवी घेतली आहे, फोन चार्ज करून ठेवायचा आहे.